अणुवीज केंद्र ते नियामक : आणीबाणीतील माहितीदुव्याचा इतिहास (१९७९ ते २०१२)

प्रस्तावना :

अणुऊर्जेच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः अणुभट्टीची रचना, इंधनाचे राजकारण किंवा किरणोत्सर्गाचे परिणाम या विषयांकडे जाते. अपघात घडत असताना त्याची माहिती कोणाकडे, किती वेळात आणि कोणत्या स्वरूपात पोहोचते, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. वस्तुतः लोकांना घरात थांबण्यास सांगावयाचे की गाव सोडण्यास सांगावयाचे, हा निर्णय याच माहितीवर अवलंबून असतो. माहिती चुकीची असेल तर निर्णयही चुकतो आणि त्याची किंमत केंद्राच्या परिसरातील सामान्य माणसाला मोजावी लागते.

अमेरिकेत १९७९ मध्ये झालेल्या थ्री माईल आयलंड येथील अपघातानंतर अणुवीज केंद्रातील संगणक आणि नियामक आयोगाचे मुख्यालय यांना थेट जोडणारा माहितीदुवा असावा, ही कल्पना पुढे आली. ती कायद्याने बंधनकारक होण्यास १२ वर्षे लागली. हा विलंब केवळ तांत्रिक अडचणींमुळे झाला काय, या प्रश्नाचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. आपत्तीच्या वेळी निर्णयाचा अधिकार आणि जबाबदारी कोणाची, हाच या संपूर्ण वादाचा गाभा होता, असे येथे मांडावयाचे आहे.

थ्री माईल आयलंड : माहितीचा दुष्काळ

पेनसिल्व्हेनिया राज्याची राजधानी हॅरिसबर्गपासून काही मैलांवर, सस्क्वेहाना नदीतील एका बेटावर थ्री माईल आयलंड हे अणुवीज केंद्र आहे. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे ४ च्या सुमारास या केंद्राच्या दुसऱ्या अणुभट्टीचा पाणीपुरवठा करणारे पंप बंद पडले. अणुभट्टी आपोआप थांबली. परंतु दाब कमी करण्यासाठी उघडलेली झडप पुन्हा बंद झाली नाही. नियंत्रण कक्षातील दिवा मात्र झडप बंद असल्याचे सुचवीत होता. झडपेला बंद होण्याचा विद्युत संदेश गेला, एवढेच तो दिवा सांगत असे. झडप प्रत्यक्षात बंद झाली की नाही, हे त्यावरून कळण्याची सोय नव्हती. परिणामी शीतक पाणी दोन तासांहून अधिक काळ बाहेर जात राहिले. आत पाणी जास्त झाले आहे, अशी समजूत झाल्याने कर्मचाऱ्यांनी आणीबाणीचा पाणीपुरवठाही कमी केला. अखेरीस गाभ्याचा मोठा भाग उघडा पडून वितळला.

पहिल्या काही मिनिटांतच नियंत्रण कक्षात शंभराहून अधिक धोक्याच्या सूचना एकाच वेळी सुरू झाल्या. त्यांची नोंद छापणारे यंत्र प्रत्यक्ष घटनांच्या बरेच मागे पडले. गाभ्यातील तापमान ७०० अंश फॅरनहाइटच्या वर गेले की संगणक आकड्यांऐवजी प्रश्नचिन्हे छापीत असे, कारण त्यापुढील तापमान दाखविण्याची गरज पडेल असे कोणी गृहीतच धरले नव्हते. थोडक्यात, अपघाताच्या जागी उभ्या असलेल्या माणसांनाही अपघाताचे स्वरूप कळत नव्हते.

मग दूरवरच्या नियामकांची अवस्था काय असावी, याची कल्पना करता येते. अमेरिकेचा अणुऊर्जा नियामक आयोग १९७५ मध्ये कार्यरत झाला होता. केंद्राने सकाळी ७ च्या सुमारास आयोगाच्या विभागीय कार्यालयाशी दूरध्वनीवर संपर्क साधला, तेव्हा कार्यालय उघडलेले नव्हते; निरोप घेणाऱ्या सेवेकडे तो नोंदविण्यात आला. त्यानंतर सुमारे पाऊण तासाने प्रत्यक्ष संपर्क झाला. तोपर्यंत केंद्राने सर्वांत गंभीर श्रेणीची आणीबाणी जाहीर केलेली होती. पुढे बेथेस्डा येथील मुख्यालय व नियंत्रण कक्ष यांच्यात दूरध्वनी जोडला गेला. पण एकाने मापक पाहावयाचा, दुसऱ्याने सांगावयाचे, तिसऱ्याने ऐकून चौथ्याला कळवावयाचे, अशी ही साखळी होती. त्या दिवशी दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी अणुभट्टीच्या आवरण इमारतीत हायड्रोजन जळून दाब एकदम वाढला. त्याची नोंद यंत्रावर झाली होती. तथापि तिचा खरा अर्थ दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत लक्षात आला नाही.

३० मार्चचा शुक्रवार : एका आकड्याची किंमत

माहितीच्या या अभावाचे सर्वांत बोलके उदाहरण ३० मार्च १९७९ रोजी घडले. त्या दिवशी सकाळी केंद्रातून किरणोत्सर्गी वायू बाहेर सोडला जात असताना हेलिकॉप्टरमधून थेट उत्सर्जन चिमणीच्या वर मोजणी करण्यात आली. तेथे ताशी १,२०० मिलिरेम इतका किरणोत्सर्ग आढळला. योगायोगाने मुख्यालयातील तज्ज्ञांनी त्याच सुमारास गणित मांडून, केंद्राबाहेर जमिनीवर किती किरणोत्सर्ग पोहोचू शकेल याचा अंदाज काढला होता आणि तोही नेमका ताशी १,२०० मिलिरेम असाच होता. केंद्राकडून आलेला आकडा कोठे मोजलेला आहे, याची खातरजमा झाली नाही. दोन आकडे जुळले, म्हणून अंदाज खरा ठरला असे गृहीत धरले गेले आणि मुख्यालयातून राज्याच्या आपत्ती यंत्रणेला लोकांना हलविण्याची शिफारस करण्यात आली.

राज्यपाल रिचर्ड थॉर्नबर्ग यांनी आयोगाचे अध्यक्ष जोसेफ हेन्ड्री यांच्याशी संपर्क साधला, तेव्हा शिफारशीचा आधारच डळमळीत असल्याचे स्पष्ट झाले. राज्यपालांजवळची माहिती संदिग्ध होती, तर अध्यक्षांजवळ ती जवळजवळ नव्हतीच. अखेर त्याच दिवशी पाच मैलांच्या आतील गरोदर स्त्रिया व शाळेत न जाणारी लहान मुले यांनी परिसर सोडावा, असा सल्ला राज्यपालांनी दिला. प्रत्यक्षात मात्र सुमारे १ लाख ४० हजार लोक घरे सोडून बाहेर पडले. सरकारी सल्ला काही हजार व्यक्तींपुरता होता. परंतु परस्परविरोधी बातम्यांनी भांबावलेल्या कुटुंबांनी आपापला निर्णय स्वतःच घेतला. अधिकृत माहितीवरचा विश्वास उडाला की लोक सल्ल्याची वाट पाहत नाहीत, हा धडा येथे मिळतो.

त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी आयोगाचे वरिष्ठ अधिकारी हॅरोल्ड डेंटन यांना प्रत्यक्ष जागेवर पाठविले आणि व्हाइट हाउसच्या यंत्रणेने स्वतंत्र दूरध्वनी जोडण्या करून दिल्या. डेंटन जागेवर पोहोचल्यानंतर परिस्थितीचे चित्र बरेच स्पष्ट झाले. तरीही अणुभट्टीत साठलेल्या हायड्रोजनच्या बुडबुड्याचा स्फोट होईल काय, या प्रश्नावर तज्ज्ञांमध्ये दोन दिवस मतभेद राहिले. बुडबुड्यात प्राणवायू साठू शकत नाही, म्हणून स्फोटाची भीती निराधार आहे, हे नंतर सिद्ध झाले. येथे उणीव केवळ आकड्यांची नव्हती, तर आकड्यांचा अर्थ लावण्याचीही होती, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

चौकशी आणि 'न्यूक्लिअर डेटा लिंक'ची कल्पना

अपघातानंतर राष्ट्राध्यक्षांनी डार्टमथ महाविद्यालयाचे अध्यक्ष, गणितज्ञ जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. 'बेसिक' या संगणक भाषेचे एक जनक म्हणूनही केमेनी परिचित आहेत. या आयोगाचा अहवाल ऑक्टोबर १९७९ मध्ये सादर झाला. यंत्रांपेक्षा माणसे, प्रशिक्षण आणि संघटना यांतील दोष अधिक मूलभूत आहेत, हा त्याचा प्रमुख निष्कर्ष होता. नियामक आयोगाने स्वतंत्रपणे करविलेली मिचेल रोगोविन यांची चौकशी जानेवारी १९८० मध्ये पूर्ण झाली.

काही सुधारणा त्वरित झाल्या. प्रत्येक केंद्रातून मुख्यालयाला जोडणारा राखीव दूरध्वनी बसविण्यात आला. आणीबाणीच्या चार श्रेणी निश्चित झाल्या. नियंत्रण कक्षावरील ताण कमी व्हावा म्हणून प्रत्येक केंद्रात स्वतंत्र तांत्रिक साहाय्य केंद्र आणि केंद्राच्या निकट आपत्कालीन कार्यकेंद्र असावे, असे ठरले. फेब्रुवारी १९८१ मध्ये आयोगाने या सुविधांचे निकष प्रसिद्ध केले. त्यातच केंद्रातील निवडक मापने आपोआप मुख्यालयात पाठविणाऱ्या 'न्यूक्लिअर डेटा लिंक' या दुव्याचा समावेश होता. सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेने त्याचा संकल्पनात्मक आराखडा तयार केला होता.

वरकरणी ही योजना निर्विवाद वाटते. माणसांच्या साखळीतून आकडे बिघडत असतील, तर ती साखळीच वगळावी, असा हा साधा विचार होता. तथापि योजनेला लवकरच विरोध सुरू झाला.

वादाचे स्वरूप : माहिती की नियंत्रण?

या वादात तीन मुद्दे पुन्हा पुन्हा पुढे आले.

पहिला मुद्दा खर्चाचा होता. देशातील अणुभट्ट्या वेगवेगळ्या कंपन्यांनी, वेगवेगळ्या काळात बांधलेल्या होत्या. त्यांचे संगणक, मापकांची नावे आणि एकके यांत एकवाक्यता नव्हती. सर्वांसाठी एकाच प्रकारची स्वतंत्र यंत्रणा उभारणे खर्चिक होते.

दुसरा मुद्दा जबाबदारीचा होता आणि तोच अधिक गंभीर होता. शेकडो मैल दूर बसलेल्या अधिकाऱ्यासमोर अणुभट्टीचे आकडे क्षणोक्षणी येऊ लागले, तर तो केवळ पाहत बसेल काय? तो सूचना देऊ लागेल. नियंत्रण कक्षातील परवानाधारक कर्मचारी आपल्या निर्णयाऐवजी मुख्यालयाच्या सूचनेची वाट पाहू लागेल. मग चूक झाल्यास उत्तरदायी कोण? अणुभट्टी चालविण्याची जबाबदारी कायद्याने परवानाधारक कंपनीची होती आणि ती नियामकाकडे सरकणे दोघांच्याही हिताचे नव्हते.

तिसरा मुद्दा उपयुक्ततेचा होता. थ्री माईल आयलंड येथे चुकीचा दिवा पाहून जागेवरचे कर्मचारी फसले. तोच दिवा तारेवरून मुख्यालयात दिसला असता, तर मुख्यालयही फसले असते.

अमेरिकी काँग्रेसनेही या योजनेकडे सावधपणे पाहिले. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी आयोगाच्या खर्चाला मंजुरी देताना तिने या दुव्यावरील खर्चावर निर्बंध घातले आणि नियामकाला ही माहिती नेमकी कशासाठी हवी आहे, याचे स्पष्टीकरण मागितले. ही मागणी रास्त होती. आपत्तीच्या वेळी आपली भूमिका कोणती, हे आयोगाने आधी निश्चित केल्याशिवाय कोणती माहिती हवी, हे ठरविता येणार नव्हते. आयोगाने हळूहळू ही भूमिका स्पष्ट केली : परिस्थितीवर लक्ष ठेवणे, तिचे स्वतंत्र मूल्यमापन करणे, लोकांच्या संरक्षणासाठी दिल्या जाणाऱ्या शिफारशी योग्य आहेत ना हे पाहणे आणि शासनास सल्ला देणे. अणुभट्टी चालविणे हे आयोगाचे काम नव्हे.

मर्यादित दुवा : १९८४ ते १९९३

भूमिका मर्यादित झाल्यावर योजनाही मर्यादित झाली. 'इमर्जन्सी रिस्पॉन्स डेटा सिस्टिम' या नावाने नवा आराखडा पुढे आला. केंद्रात नवीन यंत्रणा न बसविता तेथे असलेल्या संगणकातूनच माहिती घ्यावी, ती मोजक्या मापनांपुरती असावी आणि केवळ आणीबाणीतच पाठवावी, ही त्याची तत्त्वे होती. दुवा सुरू करण्याची कृती केंद्राने करावयाची होती आणि माहिती एकाच दिशेने, म्हणजे केंद्राकडून आयोगाकडे, जाणार होती. १९८० च्या दशकाच्या मध्यास मॅकग्वायर आणि लासाल या केंद्रांबरोबर या कल्पनेच्या चाचण्या घेण्यात आल्या.

ऑगस्ट १९८९ मध्ये आयोगाने सर्व केंद्रांना पत्र पाठवून स्वेच्छेने सहभागी होण्याचे आवाहन केले. परंतु ऐच्छिक सहभागातून सर्व अणुभट्ट्या जोडल्या जातील, अशी खात्री राहिली नाही. म्हणून १९९० मध्ये नियमाचा मसुदा आणि १३ ऑगस्ट १९९१ रोजी अंतिम नियम प्रसिद्ध झाला. १३ फेब्रुवारी १९९३ पर्यंत त्याची अंमलबजावणी पूर्ण करावयाची होती. आणीबाणीच्या दुसऱ्या किंवा त्यावरील श्रेणीची घोषणा झाल्यानंतर शक्य तितक्या लवकर, व कोणत्याही परिस्थितीत एका तासाच्या आत, दुवा सुरू करणे केंद्रांवर बंधनकारक झाले.

नियमात कोणती माहिती मागितली, हे पाहणे उद्बोधक आहे. दाबित जल प्रकारच्या अणुभट्टीसाठी गाभा व शीतक यांचे तापमान, दाब व प्रवाह, बाष्पजनित्रांतील पाण्याची पातळी व दाब, आणीबाणीच्या पाणीपुरवठ्याचा प्रवाह, आवरण इमारतीतील दाब, तापमान व हायड्रोजनचे प्रमाण, किरणोत्सर्गाची मापने आणि वाऱ्याची दिशा, वेग व वातावरणाची स्थिरता, असे सहा गट होते. १९७९ मध्ये ज्या ज्या गोष्टी नियामकाला कळल्या नव्हत्या, त्यांचीच ही यादी आहे. हायड्रोजन व आवरणातील दाब यांचा समावेश २८ मार्चच्या दुपारची आठवण करून देतो, तर किरणोत्सर्गाची मापने ३० मार्चच्या सकाळची. ही माहिती मोडेमद्वारे, दर १५ ते ६० सेकंदांच्या अंतराने पाठवावयाची होती.

एक योगायोग आणि त्याचा अर्थ

ज्या १३ ऑगस्ट १९९१ रोजी हा नियम प्रसिद्ध झाला, त्याच दिवशी पहाटे न्यूयॉर्क राज्यातील नाइन माईल पॉइंट केंद्राच्या दुसऱ्या अणुभट्टीत मुख्य रोहित्रात बिघाड झाला. त्याबरोबर पाच अखंडित वीजपुरवठा संच बंद पडले आणि नियंत्रण कक्षातील धोक्याच्या सूचना देणारी यंत्रणा व केंद्राचा संगणक हे दोन्ही गेले. या संचांच्या अंतर्गत बॅटऱ्या निकामी झालेल्या होत्या, असे चौकशीत आढळले. केंद्राने तिसऱ्या श्रेणीची आणीबाणी जाहीर केली. सुरक्षेशी संबंधित मूलभूत मापके सुरू असल्याने कर्मचाऱ्यांनी अणुभट्टी सुखरूप थांबविली व कोणतीही हानी झाली नाही.

परंतु या घटनेने नव्या दुव्याची मर्यादा पहिल्याच दिवशी दाखवून दिली. दुवा केंद्राच्या संगणकावर अवलंबून होता आणि संगणक विजेवर. काटकसरीसाठी केंद्रातील उपलब्ध संगणकाचाच वापर करण्याचे धोरण व्यवहार्य होते. त्याच धोरणामुळे ज्या प्रसंगी माहितीची सर्वाधिक गरज, त्याच प्रसंगी दुवा मुका होण्याची शक्यता निर्माण झाली.

फुकुशिमा : इतिहासाची पुनरावृत्ती

ही शक्यता २० वर्षांनंतर जपानमध्ये प्रत्यक्षात आली. जपानने अणुवीज केंद्रांतील माहिती शासनाकडे पाठविणारी 'ईआरएसएस' ही यंत्रणा आणि किरणोत्सर्गाच्या प्रसाराचा अंदाज बांधणारी 'स्पीडी' ही संगणक प्रणाली उभारली होती. ११ मार्च २०११ रोजी भूकंप व त्सुनामीनंतर फुकुशिमा दाईची केंद्राचा वीजपुरवठा खंडित झाला आणि माहितीचे प्रक्षेपण थांबले. किती किरणोत्सर्गी द्रव्य बाहेर पडत आहे, हे ईआरएसएसकडून न कळल्याने स्पीडीच्या अंदाजांचाही मुख्य आधार गेला. लोकांना हलविण्याचे आदेश केंद्रापासूनच्या अंतराची वर्तुळे आखून देण्यात आले; वारा मात्र वर्तुळे पाळत नाही. केंद्राच्या वायव्येस, आरंभीच्या वर्तुळाबाहेर असलेल्या इइताते गावातही मोठ्या प्रमाणावर किरणोत्सर्गी द्रव्य पडले आणि ते गाव रिकामे करण्याचा निर्णय एप्रिलमध्ये झाला.

पंतप्रधान नाओतो कान १२ मार्च रोजी स्वतः हेलिकॉप्टरने केंद्रावर गेले आणि १५ मार्च रोजी शासन व वीज कंपनी यांचे संयुक्त मुख्यालय कंपनीच्या टोकियो येथील कार्यालयातच स्थापन झाले. १९७९ मध्ये डेंटन यांना जागेवर पाठविण्यामागे जी निकड होती, तीच येथे दिसते. यंत्राचा दुवा तुटला की सत्ता माणसाला पाठविते.

फुकुशिमानंतर अमेरिकी आयोगाच्या कृतिगटाने २०११ मध्ये केलेल्या शिफारशींत या दुव्याचाही समावेश होता. मोडेमच्या जागी नवी दळणवळण व्यवस्था आणण्याचे काम जून २०१२ पर्यंत पूर्ण करावे, तसेच एकाच वेळी अनेक अणुभट्ट्या संकटात सापडल्यास आणि दीर्घकाळ वीज नसल्यास माहिती कशी मिळेल, याचा विचार व्हावा, असे त्यात सुचविले होते.

हा विषय महाराष्ट्रालाही परका नाही. तारापूर येथील अणुवीज केंद्र १९६९ पासून या भूमीवर आहे आणि १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे मुख्यालय मुंबईतच आहे. केंद्र व नियामक यांच्यातील अंतर मैलांत कमी असले, तरी माहितीच्या संदर्भात ते आपोआप कमी होत नाही.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) माहितीदुव्याला १२ वर्षे लागली, याचे प्रमुख कारण तंत्रज्ञानाचा अभाव हे नव्हते. आपत्तीच्या वेळी नियामकाची भूमिका कोणती, या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागले. या दृष्टीने काँग्रेसने घेतलेली हरकत उपकारकच ठरली. तिच्यामुळे नियामकाला पाहणे आणि चालविणे यांतील भेद स्पष्ट करणे भाग पडले.

२) ऐच्छिक सहभागाचा टप्पा मात्र अपुरा ठरला. सार्वजनिक सुरक्षेची माहिती देणे ही कंपनीच्या इच्छेवर सोडण्याची बाब नव्हे, हे १९९१ च्या नियमाने मान्य केले.

३) दुवा तेवढेच सांगतो, जेवढे त्याच्या टोकाचे मापक सांगते. १९७९ मधील फसवा दिवा, १९९१ मधील निकामी बॅटऱ्या आणि २०११ मधील खंडित वीज या तिन्ही प्रसंगांत दोष दुव्याच्या मधल्या तारेत नव्हता, तर तिच्या उगमाशी होता.

४) आकडा आणि त्याचा अर्थ या दोन भिन्न गोष्टी आहेत. १,२०० मिलिरेम हा आकडा खरा होता. तो कोठे मोजला, हे न विचारल्यामुळे अनर्थ ओढवला. म्हणून माहितीदुव्याच्या नियोजनात यंत्राइतकेच महत्त्व, त्या यंत्रासमोर बसून योग्य प्रश्न विचारणाऱ्या प्रशिक्षित माणसाला द्यावे लागते.

पेनसिल्व्हेनियातील ज्या मातांनी १९७९ च्या त्या शुक्रवारी मुलांना घेऊन घर सोडले, त्यांना मापकांची नावे ठाऊक नव्हती. आपल्याला सांगितले जात आहे ते खरे आहे काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. माहितीदुव्याचा पुढील सर्व इतिहास म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न होय, आणि तो प्रयत्न अद्याप पूर्ण झालेला नाही.